संवर्धनासाठी जमीन घेताय? आधी कागद, मग हद्द, मग नोंद, रोपं सगळ्यात शेवटी

चार-पाच मित्रांनी मिळून ट्रस्ट काढायचा, पैसे जमवायचे आणि सह्याद्रीत किंवा कोकणात डोंगरउताराची जमीन घेऊन ती जंगल म्हणून राखायची, असं ठरवणारे आता बरेच जण भेटतात. हेतू चांगला असतो, पैसेही उभे राहतात, पण कामाचा क्रम उलटा होतो. जमीन बघितली, आवडली, विसार दिला, पहिल्या पावसात रोपं लावली, आणि दिवाळीनंतर कळतं की सातबाऱ्यावर दोन बहिणींची नावं लागायची राहिलीत, मोजणी झालेली नाही, लावलेल्या रोपांतली निम्मी तर शेजारच्या गटात आहेत, आणि शिमग्याच्या सुमारास वणवा येऊन उरलेली पण जातात. म्हणून हा लेख क्रमानं लिहिलाय, तसाच वाचा आणि टप्पे गाळू नका.

हे मुख्यतः पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाला धरून आहे. विदर्भ आणि मराठवाड्यात कुळकायदे वेगळे आहेत, कलमांचे नंबर बदलतात. गोव्यात तर २०२३ च्या कायद्यानं भातशेतीची जमीन बिगर शेतकऱ्याला विकण्यावर बंधन आहे, तिथं स्थानिक वकिलाशिवाय पुढं जाऊच नका.

टप्पा १: जमीन विकत घ्यायचीच आहे का, ते ठरवा

खरेदी हा एकच रस्ता नाही, आणि बहुतेक वेळा तो सगळ्यात महाग रस्ता असतो. दुसरे तीन रस्ते आहेत. मालक जिवंतपणी बक्षीसपत्रानं किंवा मृत्युपत्रानं जमीन ट्रस्टला देऊ शकतो. मालकी त्याच्याकडेच ठेवून "एवढी वर्षं झाड तोडणार नाही" असा पैसे देऊन करार करता येतो. आणि वन्यजीव कायद्याच्या कलम ३६सी खाली खासगी किंवा सामूहिक जमिनीला मालकांच्या इच्छेनं सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करून घेता येतं, त्यानंतर तिथला जमीनवापर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय बदलता येत नाही. या शेवटच्या रस्त्याला वेळ फार लागतो, पण मालक बदलला तरी बंधन राहतं, म्हणून मोठ्या सलग तुकड्यासाठी त्याचा विचार जरूर करा.

अमेरिकेतल्या लँड ट्रस्टबद्दल वाचून खूप जण विचारतात की आपल्याकडं कॉन्झर्वेशन ईझमेंट का करत नाही, म्हणजे मालकी शेतकऱ्याची पण विकासाचा हक्क कायमचा ट्रस्टकडे. आपल्याकडं त्यासाठी वेगळा कायदा नाही. १८८२ चा सुविधाधिकार कायदा एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवर हक्क देतो, म्हणजे वाटेचा, पाण्याचा वगैरे. ट्रस्टची शेजारी स्वतःची जमीनच नसेल तर फायदा कुठल्या जमिनीला, हा प्रश्न तिथंच उभा राहतो. त्यामुळं इंटरनेटवरून अमेरिकन मसुदा उतरवून, स्टँपपेपरवर सही घेऊन "कायमचं संरक्षण झालं" असं देणगीदारांना सांगू नका. साधा करार सही करणाऱ्याला बांधतो, उद्या त्यानं जमीन विकली तर नवा मालक तुम्हाला ओळखत पण नाही.

तरी करार वाईट नाही. पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था संगमेश्वर भागात खासगी जंगलमालकांबरोबर अशाच करारांवर काम करत आलीय. या डोंगरांत बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत महाधनेश घरटं करतो, आणि बेहडा-हिरड्याची फळं नीट गोळा करून विकली तर झाड उभं राहण्यातच मालकाचा पैसा असतो. म्हणजे करारात नुसतं "तोडू नका" नको, उभ्या झाडातून काय मिळणार ते पण हवं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. "भाडेपट्टा" म्हटलं की शेतकरी बिचकतो, कारण त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो कुळ लागेल का, म्हणजे कसणारा उद्या जमिनीवर हक्क सांगेल का हा, आणि ती भीती अगदी रास्त आहे. म्हणून करारात स्वच्छ लिहा की ताबा मालकाचाच, ट्रस्टला कसण्याचा कुठलाही हक्क नाही, फक्त पाहणी, जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून केलेला मोकळा पट्टा) आणि नोंदी एवढ्यापुरताच प्रवेश.

तपासणी: नक्की काय राखायचंय ते चार ओळीत लिहून काढा. झरा, देवराईला लागून असलेला पट्टा, सड्यावरची म्हणजे कातळपठारावरची फुलं, गव्यांची वाट, जे असेल ते. हे लिहिता येत नसेल तर अजून जमीन बघू नका.

टप्पा २: ट्रस्टची कागदपत्रं आधी नीट करा

न्यासपत्रातले उद्देश उघडून वाचा. "शैक्षणिक, सामाजिक व सांस्कृतिक कार्य" एवढंच असेल तर जमीन राखणं त्यात बसतं का हा वाद कधीतरी निघणारच. निसर्ग संवर्धन आणि त्यासाठी जमीन धारण करणं, सांभाळणं हे शब्द हवेत. ट्रस्ट विसर्जित झाला तर जमीन कुणाकडं जाणार, म्हणजे याच उद्देशाच्या दुसऱ्या ट्रस्टकडे, हे पण आत्ताच लिहा.

सगळ्यात जास्त होणारी चूक इथं आहे. ट्रस्ट शेतकरी नाही, मग आपल्यातल्या ज्याच्याकडं सातबारा आहे त्याच्या नावावर घेऊन टाकू, नंतर बघू. असं करू नका. तो माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्यामागं सातबाऱ्यावर वारसनोंद होते आणि जमीन त्याच्या मुलांची होते, ट्रस्टची नाही. शिवाय पैसे दुसऱ्यांचे आणि नाव तिसऱ्याचं म्हटल्यावर बेनामी व्यवहाराचा प्रश्न येतो तो वेगळाच. जमीन ट्रस्टच्या नावावर होत नसेल तर घेऊ नका, करार करा.

परदेशातले आपले मराठी लोक देणगी द्यायला तयार असतात, तिथं पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत, पण ओसीआय कार्डवाला हा परदेशी नागरिक, त्याचे पैसे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) असल्याशिवाय घेता येत नाहीत. नोंदणी असली तरी ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. "आत्ता घेऊन ठेवू" चालत नाही.

टप्पा ३: सातबारा वाचा, म्हणजे खरोखर वाचा

ऑनलाइन सातबारा काढला, मालकाचं नाव जुळलं, झालं, असं नसतं. सातबारा ही कहाणीची शेवटची ओळ आहे, आधीची कहाणी फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीत असते. म्हणून सातबाऱ्यावर जेवढे फेरफार नंबर दिसतात ते सगळे काढा, आणि जुने हस्तलिखित सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळवा. सोबत ८अ (खातेउतारा), दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा), आणि वकिलाचा निदान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट.

मग या गोष्टी एकेक करून बघा.

भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर बरं. वर्ग २ असेल तर हस्तांतराला सरकारी परवानगी लागते, आणि "ती मिळते हो, माझी ओळख आहे" असं म्हणणाऱ्या एजंटला परवानगीचा आदेश हातात येईपर्यंत एक रुपया देऊ नका. देवस्थान इनाम असेल तर थांबाच. देवराईला लागून असलेल्या जमिनीत हे हमखास निघतं, आणि ती जमीन पुजाऱ्याची किंवा वहिवाटदाराची नसते, देवाची असते.

इतर हक्काचा रकाना. इथंच सगळं दडलेलं असतं. विकास सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, "कलम ४३ च्या बंधनास पात्र" (म्हणजे कुळकायद्यानं मिळालेली जमीन), पुनर्वसनाचे शेरे. संवर्धनासाठी जमीन शोधणाऱ्यानं आणखी एक शब्द मुद्दाम शोधायचा, "खाजगी वन" किंवा भारतीय वन कायद्याच्या कलम ३५(३) च्या नोटिशीचा उल्लेख. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्यानं ३० ऑगस्ट १९७५ पासून अशा जमिनी सरकारकडं गेल्या, आणि त्यातल्या कित्येकांवर पुढं वर्षानुवर्षं खासगी माणसाचंच नाव चालत राहिलं. तुम्हाला तर दाट झाडीचीच जमीन आवडणार, म्हणजे हा धोका तुम्हालाच जास्त. सातबारा कोरा दिसला तरी वनविभागाकडं गट नंबर देऊन लेखी विचारा.

आदिवासी खातेदार. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ मुळं आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जाण्यावर कडक बंधन आहे. माझं मत सरळ आहे, अशा जमिनीच्या खरेदीच्या मागं संवर्धन संस्थेनं लागूच नये. गावाबरोबर काम करायचं असेल तर वनहक्क कायद्यातला सामूहिक वनहक्क हा रस्ता आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला, तिथं जंगल ग्रामसभा सांभाळते. तुमची संस्था तिथं नकाशा, नोंदी, आराखडा यात मदत करू शकते, मालक होण्याची गरज नाही.

वारस. आजोबांच्या नावानंतर मुलगे आले, मुली कुठं गेल्या? हक्कसोड झाली असेल तर नोंदलेला कागद मागा. मुंबईला राहणारे चुलते, सासरी गेलेल्या आत्या, सगळ्यांची संमती हवी. समाईक गटातला "माझा हिस्सा" विकत घेऊ नका, वाटप आणि फाळणी झाल्यावरच घ्या. कुलमुखत्यारपत्रावर कुणी विकत असेल तर ज्यानं ते दिलं तो माणूस हयात आहे का ते स्वतः जाऊन बघा.

पोटखराबा. डोंगरउतारावर क्षेत्राचा मोठा भाग पोटखराबा असतो. वर्ग अ म्हणजे खडक, खाचखळगे, लागवडीला नालायक, वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा, सार्वजनिक वापराचं. लोक पोटखराब्याला कमी लेखतात, पण झरा, कडा, जुनी झाडं सगळी तिथंच असतात. भाव ठरवताना मालकाला हे माहीत असतंच, तुम्हालाही माहीत असू द्या. वर्ग ब चं क्षेत्र तुमच्या योजनेत धरू नका.

आणि कमाल जमीन धारणा विसरू नका. जिरायतीला मर्यादा ५४ एकर आहे, कोकणातल्या भातजमिनीला ३६ एकर. ट्रस्टच्या नावावर इतरत्र जमीन असेल तर ती पण मोजली जाईल, हे धरून वकिलाशी बोला.

इशारा: विसार द्यायची घाई होते ती इथंच. साठेखत करायचंच असेल तर त्यात लिहा की परवानगी किंवा मोजणीत अडचण आली तर विसार परत, आणि किती दिवसांत ते पण.

टप्पा ४: मोजणी, आणि गावाची वहिवाट

मोजणी खरेदीच्या आधी. अर्ज मालकाच्या नावानं भूमी अभिलेख कार्यालयात जातो, फी तुम्ही भरा. मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या गटांचे खातेदार हजर हवेत, त्यांना नोटीस जातेच, पण तुम्ही आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा. हद्द दाखवली की लगेच दगड बसवा, "नंतर बसवू" म्हटलं की पावसाळ्यात गवत वाढतं आणि खुंट्या सापडत नाहीत. मोजणीनंतर मिळणारी नकाशाची क प्रत हा तुमचा पुढच्या सगळ्या वर्षांचा आधार, तिची रंगीत स्कॅन करून ठेवा आणि प्रत्येक कोपऱ्याचं जीपीएस घ्या. मोबाईलचं जीपीएस काही मीटर इकडं तिकडं होतं, ते दगड शोधायला पुरतं, हद्दीचा वाद मिटवायला पुरत नाही.

आता वहिवाट, आणि याच्यावर कमी वेळ घालवणाऱ्यांची पुढची दहा वर्षं भांडणात जातात. गावातल्या दोन जाणत्या माणसांना आणि सरपणाला जाणाऱ्या एखाद्या बाईला बरोबर घेऊन सगळी जमीन चाला. बाई हवीच, कारण लाकूडफाट्याची वाट, पाण्याची वाट, करवंदं कुठं चांगली येतात हे तिला माहीत असतं, पुरुषांना बऱ्याचदा नसतं. गुरं कुठून जातात, धनगरवाड्याची वाट कुठली, पाणवठा कुठं, कुठल्या झाडाखाली वर्षातून एकदा नारळ फुटतो, मसणवाटा जवळ आहे का. हे सगळं क प्रतीच्या झेरॉक्सवर पेनानं काढा.

सुविधाधिकार कायद्यात २० वर्षं उघडपणे, अडथळ्याशिवाय वापरलेल्या वाटेचा हक्क तयार होतो. आणि वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडं अर्ज करून ती मोकळी करून घेता येते. म्हणजे तुम्ही तारेचं कुंपण घालून पायवाट बंद केली तर कायद्यानं पण हराल आणि गावाच्या मनातनं पण उतराल. वाट नकाशावर दाखवा, मोकळी ठेवा, तिच्या दोन्ही बाजूंचं गवत कापा, तीच उद्या तुमची जाळरेषा होते.

तपासणी: चारही कोपऱ्यांचे दगड कुणाच्याही मदतीशिवाय तुम्हाला सापडतात का? सापडत नसतील तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा ५: परवानगी, खरेदीखत, फेरफार, परिशिष्ट

हा टप्पा किचकट असला तरी समजायला सोपा आहे, म्हणून थोडक्यात. क्रम असा:

१. विश्वस्त मंडळाचा ठराव: गट नंबर, क्षेत्र, किंमत, कुणी सह्या करायच्या. धर्मादाय कार्यालयाची आधी कुठली परवानगी लागते ते वकिलाकडून लेखी घ्या.

२. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ खाली बिगर शेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. ट्रस्टही यात आला. परवानगीशिवाय घेतलेली जमीन अवैध व्यवहार ठरून सरकारजमा होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आदेशातली प्रत्येक अट वाचा, विशेषतः वापराची आणि मुदतीची. तुम्ही काहीच बांधणार नाही आणि फारसं काही पेरणार नाही हे अर्जातच स्पष्ट लिहिलेलं असलं म्हणजे पुढं "अटीभंग" निघत नाही.

३. पेपरात जाहीर नोटीस, हरकतीची मुदत संपली की खरेदीखत. त्यात झाडं, झरे, विहीर, येण्याजाण्याची वाट यांचा उल्लेख हवा, आणि क प्रत जोडलेली हवी.

४. फेरफार. नोंदणीनंतर माहिती तलाठ्याकडं जाते, नमुना ९ ची नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. "आपोआप होतं" म्हणून विसरू नका, नवा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा करा.

५. ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज, म्हणजे जमीन ट्रस्टच्या परिशिष्टावर, तिथल्या मालमत्तेच्या नोंदीत चढते. हे भरपूर ट्रस्ट करतच नाहीत. जमीन परिशिष्टावर आली की याच कायद्याचं कलम ३६ लागू होतं, आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता, बक्षीस देता किंवा १० वर्षांपेक्षा जास्त पट्ट्यानं देता येत नाही. बाकीच्या ट्रस्टना हे कलम अडचणीचं वाटतं, तुमच्यासाठी हीच भिंत आहे, कारण वीस वर्षांनी येणारे विश्वस्त तुमच्यासारखेच असतील याची कुणी हमी दिलेली नाही. सक्तीचं भूसंपादन मात्र यानं थांबत नाही, हे देणगीदारांना खरं सांगा.

६. दर हंगामात ई-पीक पाहणी. जंगल राखलंय म्हणून ॲपवर काही भरायचं नाही असं नाही. कायम पड असेल तर पड भरा, झाडं असतील तर झाडं भरा. बारा नंबरला, म्हणजे सातबाऱ्यातल्या पीकनोंदीत, तुमची नोंद नसेल आणि दुसऱ्याच कुणाची तरी लागली, तर तो कागद पुढं कुळाच्या दाव्यात पुरावा म्हणून येतो.

टप्पा ६: बेसलाइन, कुदळ मारायच्या आधी

जमीन ताब्यात आली त्या दिवशी ती कशी होती याची नोंद म्हणजे बेसलाइन. अमेरिकेतले लँड ट्रस्ट प्रत्येक जमिनीची अशी नोंद करून मालकाची सही घेतात आणि दरवर्षी तिच्याशी ताडून बघतात. हे मात्र जसंच्या तसं घेण्यासारखं आहे.

दहा-बारा जागा ठरवा जिथून दरवर्षी त्याच दिशेला फोटो काढायचा. नोंद अशी:

"फोटो जागा ४. जुन्या ऐनाच्या खालच्या बाजूला, उघड्या कातळावर रंगाचा ठिपका. उभं राहून, छातीच्या उंचीवर, ओढ्याकडं तोंड करून. समोर: करवंदीची जाळी, मागं अंजनीचे तोडलेले बुंधे, प्रत्येकाला धुमारे, गुडघ्याएवढे. डाव्या हाताला रानमोडी, सलग. गुरांची वाट मधून."

नुसतं "मिश्र झाडी, स्थिती मध्यम" असं लिहिलंत तर पाच वर्षांनी त्यातून काहीच कळणार नाही. वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर आणि ऐन उन्हाळ्यात. झऱ्याचं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं ते लिहा. झाडांची नावं गावात म्हणतात तीच आधी लिहा, शास्त्रीय नाव नंतर कुणीतरी जाणकार लावेल. गावाची लोक जैवविविधता नोंदवही ग्रामपंचायतीत असेल तर ती मागून बघा. करारावरची जमीन असेल तर बेसलाइनवर मालकाची सही हवीच, नाहीतर "हे झाड आधीच पडलेलं होतं" यावर तुमच्याकडं उत्तर नाही.

टप्पा ७: पहिले दोन पावसाळे रोपं लावू नका

हे ऐकायला कुणाला आवडत नाही कारण देणगीदारांना रोपाचा फोटो हवा असतो. पण कोकणातल्या तोडलेल्या जंगलात ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ यांची मुळं जमिनीत जिवंत असतात, कुऱ्हाड आणि आग थांबवली की धुमारे फुटतात, आणि त्या धुमाऱ्याला तयार मुळं असतात, नर्सरीच्या रोपाला नसतात. दोन पावसाळे बघा काय आपोआप येतंय. मग जिथं काहीच आलं नाही तिथं, आसपासच्याच बियांची रोपं.

सडा, कातळ, माळ यावर तर झाडं लावूच नका. तिथं झाड नाही म्हणजे जमीन उजाड आहे असं नाही. पावसाळ्यात तिथं येणारी फुलं आणि गवत, आणि माळावरचे प्राणी-पक्षी, यांना उघडी जमीनच लागते.

आगीचं काम दिवाळी संपली की सुरू. हद्दीवर, वाटेच्या कडेनं आणि खालच्या बाजूला जाळरेषा काढा, निदान ३ मीटर, उतार जास्त तिथं त्याहून रुंद, कारण आग चढाला पळते. कापलेलं गवत तिथंच पसरून ठेवलंत तर रेषेचा उपयोग शून्य, ते उचला. त्याहून चांगलं म्हणजे गावाला सांगा, गवत फुकट कापून न्या. त्यांच्या गुरांना वैरण, तुमचं जळण कमी. राब भाजणाऱ्या (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणाऱ्या) शेजाऱ्यांकडं स्वतः जा, कुठल्या दिवशी भाजणार ते विचारा आणि त्या दिवशी चार माणसं, झाडाच्या हिरव्या फांद्या आणि पाण्याचे कॅन घेऊन बांधावर हजर राहा. राब बंद करा असं सांगायला जाऊ नका. आग हाताबाहेर गेली तर वनविभागाचा १९२६ नंबर, आणि माणसं चढाच्या वरच्या बाजूला कधीही उभी करू नका.

चराई पूर्ण बंद करायची का हे जागेवर ठरवा. धुमारे येतायत त्या भागात चराईबंदी, बाकी ठिकाणी ठरवून चराई. कास पठारावर घातलेलं कुंपण पुढं काढावं लागलं, कारण गुरं बंद झाल्यावर गवत माजतं आणि फुलांना जागा राहत नाही अशी ओरड झाली. कुंपण हवंच असेल तर दगडी गडगा किंवा निवडुंग, शेर, सागरगोटा. काटेरी तारेत भेकरं आणि सांबरं अडकतात.

रानमोडी हे बाहेरून आलेलं, झपाट्यानं पसरणारं झुडूप. ती उपटायची ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात, माती ओली असताना आणि फुलावर यायच्या आधी. घाणेरी नुसती कापली तर दुप्पट येते, मुळाच्या मानेखाली तोडून उलटी टाकावी लागते. सगळी एकदम साफ करू नका, तिच्यात पक्षी आणि लहान प्राणी राहत असतात, पट्ट्यापट्ट्यानं घ्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्याकडं पुढचे तीन पावसाळे लक्ष द्या. जेसीबी आणू नका. आणि स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी ते १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं असेल तर तोडायला परवानगी लागते.

टप्पा ८: सांभाळायचा पैसा खरेदीच्या आधी मोजा

हे खरं तर टप्पा १ मध्येच करायचं गणित, पण तोपर्यंत खर्च कशाकशाचा असतो हे कळत नाही म्हणून इथं लिहितोय. राखणदाराचा पगार बारा महिने, जाळरेषा, रानमोडी, शेतसारा, ऑडिट, मोजणी परत करायची वेळ आली तर तिची फी, आणि एखाद्या दाव्यासाठी वकील. समजा हे सगळं वर्षाला दीड लाख होतं. बँकेत ६ टक्के मिळतात असं धरलं तर २५ लाख कायम ठेवीत हवेत, आणि महागाई धरली तर त्याहून जास्त. जमीन वीस लाखांची आणि ठेव शून्य, असे ट्रस्ट तिसऱ्या वर्षी राखणदाराला काढतात आणि चौथ्या वर्षी कुऱ्हाड चालते.

म्हणून देणगी मागतानाच दोन भाग मागा, जमिनीसाठी आणि कायम निधीसाठी. कायम निधीच्या देणगीबरोबर देणगीदाराचं तसं लेखी पत्र घ्या, नाहीतर ऑडिटरला ती रक्कम वेगळी दाखवता येत नाही. राखणदार गावातलाच हवा, शक्यतो ज्या कुटुंबानं जमीन विकली त्यातला, आणि पगार वेळेवर.

टप्पा ९: वर्षातून एकदा पूर्ण फेरी, आणि काही बिघडलं तर

पाऊस संपल्यावर एक दिवस ठरवा. दोन विश्वस्त, राखणदार, एक लगतचा शेतकरी, हातात क प्रत आणि बेसलाइन. सगळे दगड गाठा, सगळे फोटो घ्या, नवीन बांध, नवीन वाट, तोडलेलं झाड, सरकलेला दगड, सगळं त्याच दिवशी लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. काहीच बदललं नसेल तर "बदल नाही" असं लिहून सह्या घ्या, एखादं वर्ष रिकामं राहिलं की दुसरी बाजू त्याच वर्षाकडं बोट दाखवते.

अतिक्रमण दिसलं तर पहिल्या दिवशी पोलिसात जाऊ नका. आधी घरी जाऊन बोला, दगड दाखवा, आणि जे ठरलं ते कागदावर घ्या. महिन्याभरात हललं नाही तर रजिस्टर पोस्टानं पत्र, मग हद्द कायम मोजणीचा अर्ज, मग वकील. दगडच उपटला असेल तर मात्र थांबायचं नाही, फोटो आणि पंचनामा लगेच. दरवर्षी त्याच महिन्यात नवा सातबारा पण काढा, इतर हक्कात एखादी ओळ गुपचूप येऊन बसलेली असते.

ही सगळी कागदपत्रं, म्हणजे खरेदीखत, परवानगीचा आदेश, क प्रत, फेरफार, परिशिष्टाचा उतारा, बेसलाइन आणि दरवर्षीच्या फेऱ्या, एकाच फाइलमध्ये, तीन ठिकाणी. एक ट्रस्टच्या ऑफिसात, एक वकिलाकडं, आणि नकाशा व फेऱ्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत पोच घेऊन.